बाबासाहेब, भंडाऱ्याची पोटनिवडणूक आणि महसुलाच्या वाट्याचा प्रश्न

१९५४ सालच्या मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. आजचा गोंदिया जिल्हा त्या वेळी भंडारा जिल्ह्यातच होता आणि भंडारा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेश राज्यात होता. धानाची शेती, तलाव, विड्यांचे कारखाने आणि जंगल यांवर जगणाऱ्या या मुलखात मते मागण्यासाठी आलेल्या उमेदवारांमध्ये डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचा समावेश होता. वय ६३, मधुमेहाने आणि सांधेदुखीने पोखरलेले शरीर, आणि दोनच वर्षांपूर्वी मुंबईत झालेला पराभव. मतदारसंघ दोन जागांचा होता. सर्वसाधारण जागा समाजवादी नेते अशोक मेहता यांनी जिंकली. राखीव जागेवर मात्र काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले आणि बाबासाहेब आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी हरले. लोकसभेत जाण्याचा त्यांचा हा अखेरचा प्रयत्न ठरला.

घटनेचे शिल्पकार आणि दलितांचे मुक्तिदाते म्हणून बाबासाहेब सर्वांना ठाऊक आहेत. परंतु भंडारा-गोंदियाच्या गावोगावी मत मागणारा हा उमेदवार सरकारी तिजोरीचा पैसा केंद्रातून प्रांतात आणि प्रांतातून खाली कसा झिरपतो, किंवा का झिरपत नाही, याचा देशातील पहिल्या फळीचा अभ्यासक होता, ही गोष्ट त्या मानाने दुर्लक्षित राहिली. त्यांच्या आयुष्याचा हा धागा विद्यार्थिदशेपासून अखेरच्या वर्षांपर्यंत अखंड सापडतो.

न्यूयॉर्क ते लंडन

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत जन्मलेल्या भीमरावांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडव्याचे. साताऱ्यातील आणि मुंबईतील शालेय शिक्षणानंतर भीमरावांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र हे विषय घेऊन पदवी मिळविली. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले आणि त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तेथे प्रा. एडविन सेलिग्मन यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. करशास्त्र आणि सार्वजनिक वित्त या विषयांतील सेलिग्मन हे त्या काळचे मोठे नाव. कर कोण भरतो, त्याचा भार अखेर कोणावर पडतो आणि तो पैसा कोणासाठी खर्च होतो, हे प्रश्न विचारण्याची शिस्त त्यांच्या या विद्यार्थ्याने आत्मसात केली. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार यांवर १९१५ साली त्यांनी प्रबंध लिहिला. कंपनीच्या युद्धांचा खर्च आणि कर्जाचा बोजा भारतीय रयतेच्या माथी कसा आला, याचा हिशेब त्यात मांडलेला आहे.

१९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. त्यांची पुस्तके आणि सामान घेऊन निघालेले जहाज महायुद्धाच्या धुमाळीत पाणतीराने बुडाले आणि अनेक वर्षांची टिपणे समुद्राच्या तळाशी गेली. बडोद्यात महाराजांचे लष्करी सचिव म्हणून रुजू झाल्यावर या उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला शहरात राहायला जागा मिळेना. कचेरीतील शिपाई त्याच्या टेबलावर कागद लांबून टाकत. ही नोकरी फार काळ टिकणे शक्य नव्हते.

मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले आणि १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. जून १९२१ मध्ये त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली. त्या प्रबंधाचा विषय होता ब्रिटिश भारतातील साम्राज्य सरकारच्या वित्तव्यवस्थेचे प्रांतिक विकेंद्रीकरण. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला त्यानंतर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. विकेंद्रीकरणाचा विषय विस्ताराने मांडणारा ‘ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताची उत्क्रांती’ हा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि तो सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे. छापील प्रती दाखल झाल्यानंतर १९२७ साली कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. रीतसर त्यांच्या नावावर लागली.

पैसा कोणाचा, अधिकार कोणाचा

या ग्रंथात बाबासाहेबांनी १८३३ पासूनचा इतिहास उलगडला आहे. त्या वर्षीच्या सनदी कायद्याने मुंबई, मद्रास आणि बंगाल या इलाख्यांचे आर्थिक स्वातंत्र्य संपले आणि सारा महसूल कलकत्त्याच्या सरकारच्या ताब्यात गेला. नवीन पगारी जागा निर्माण करायची, तरी वरून मंजुरी लागू लागली. कर गोळा करायचा प्रांतांनी, त्यावर हुकूम चालवायचा केंद्राने, अशी ही रचना होती. काटकसर करून पैसे वाचविले तर ते वर जाणार. मग काटकसर कशाला करायची? प्रत्येक प्रांत जास्तीत जास्त मागणी नोंदवू लागला आणि ज्याचा आवाज मोठा, त्याला अधिक पैसा मिळू लागला. १८५७ च्या उठावानंतर केंद्राची तिजोरी रिती झाली, तेव्हा या व्यवस्थेचा पोकळपणा उघडा पडला.

त्यावर लॉर्ड मेयो यांनी डिसेंबर १८७० मध्ये उपाय काढला. तुरुंग, नोंदणी, पोलीस, शिक्षण, दवाखाने, छपाई, रस्ते आणि सरकारी इमारती ही खाती प्रांतांकडे सोपविण्यात आली आणि त्यांच्या खर्चासाठी ठरावीक रक्कम देण्यात येऊ लागली. ही पहिली पायरी. १८७७ पासून ठरावीक रकमेच्या जोडीला काही उत्पन्नाच्या बाबीच प्रांतांना नेमून देण्यात आल्या. १८८२ पासून जमीन महसूल, अबकारी, मुद्रांक, जंगल अशा मोठ्या बाबींचे उत्पन्न केंद्र आणि प्रांत यांच्यात वाटून घेण्याची पद्धत आली. ती थोड्याफार फरकाने १९२१ पर्यंत टिकली.

वरवर पाहता हा प्रवास प्रांतांच्या वाढत्या स्वातंत्र्याचा वाटतो आणि सरकारी अहवालांत तो तसाच रंगविला जात होता. बाबासाहेबांनी या समजुतीला धक्का दिला. कायद्याच्या दृष्टीने सारा महसूल अखेरपर्यंत केंद्राचाच राहिला, प्रांतांना स्वतःचा कर बसविण्याचा वा कर्ज काढण्याचा हक्क नव्हता आणि वाटणीचा करार दर पाच वर्षांनी केंद्राच्या मर्जीने बदलत असे, हे त्यांनी दाखवून दिले. केंद्र अडचणीत आले की प्रांतांनी साठविलेल्या शिलकीवर त्याचा हात पडत असे. खर्च करण्याची मोकळीक मिळणे आणि उत्पन्नावर हक्क मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या ग्रंथाचा गाभा. शंभर वर्षांनंतरही वित्तीय विकेंद्रीकरणाची चर्चा याच भेदाशी येऊन थांबते.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने उत्पन्नाच्या बाबी प्रथमच वेगळ्या केल्या. जमीन महसूल, अबकारी, जंगल प्रांतांकडे आले. जकात, प्राप्तिकर, मीठ, रेल्वे केंद्राकडे राहिली. पण त्यामुळे केंद्राला तूट आली आणि ती भरून काढण्यासाठी प्रांतांवरच वर्गणी बसविण्यात आली. मेस्टन समितीने ठरविलेली ही वर्गणी वर्षाला ९८३ लाख रुपयांची होती. मद्रासवर ३४८ लाख, संयुक्त प्रांतावर २४० लाख, मुंबईवर ५६ लाख, आणि भंडारा जिल्हा ज्यात होता त्या मध्य प्रांतावर २२ लाख. शाळा, दवाखाने, रस्ते लोकप्रतिनिधींच्या हाती दिले, पण त्यांच्यासाठी लागणारा पैसा वर ओढून घेतला, अशी ही अवस्था होती. पुढे काही वर्षांनी ही वर्गणी बंद झाली.

बाबासाहेबांची टीका आकड्यांवर थांबली नाही. जे सरकार लोकांना जबाबदार नाही, ते गरिबांवरील मिठाचा कर कमी करणार नाही आणि श्रीमंतांना हातही लावणार नाही, हे त्यांनी बजावले. मंत्र्यांकडे काही खाती आणि गव्हर्नरच्या सल्लागारांकडे तिजोरीची किल्ली, अशी द्विदल राज्यपद्धती त्यांना मुळातच अव्यवहार्य वाटत होती.

विधिमंडळातील आंबेडकर

१९२७ पासून मुंबई कायदे कौन्सिलचे सदस्य म्हणून बाबासाहेबांना हा अभ्यास प्रत्यक्ष वापरण्याची संधी मिळाली. अंदाजपत्रकावरील भाषणात त्यांनी जमीन महसुलाच्या अन्यायावर बोट ठेवले. प्राप्तिकरात ठरावीक उत्पन्नाखालील माणसाला सूट असते. जमीन महसुलात मात्र एक-दोन एकरवाला आणि शेकडो एकरांचा धनी यांना एकच नियम. पीक बुडाले तरी देणे चुकत नाही. ही विषमता त्यांनी सभागृहापुढे मांडली.

१९२८ साली त्यांनी महार वतनासंबंधीचे विधेयक आणले. गावातील महारांना सरकारची पडेल ती कामे रात्रंदिवस करावी लागत. मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन आणि गावकऱ्यांनी दिले तर मिळणारे बलुते. सरकारी काम करणाऱ्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळावा, एवढी साधी मागणी या विधेयकामागे होती. लंडनमध्ये साम्राज्याच्या महसुलाचा माग काढणाऱ्या अभ्यासकाला त्या व्यवस्थेच्या अगदी तळाशी विनावेतन राबणारा माणूस दिसत होता, कारण तो त्याच्याच घरचा होता. हे विधेयक त्या वेळी मंजूर होऊ शकले नाही.

गावपातळीवरील सत्तेबद्दल बाबासाहेबांचे मत याच अनुभवातून घडले. १९३२ साली ग्रामपंचायतींचे विधेयक कौन्सिलपुढे आले, तेव्हा त्यांनी त्याला कडाडून विरोध केला. प्रौढ मताधिकार नाही, अस्पृश्यांसाठी राखीव जागा नाहीत, आणि ज्या गावात एका वस्तीला पाणवठ्यावर पाणी भरता येत नाही, तेथे पंचायतीच्या हाती अधिकार आणि पैसा द्यायचा, म्हणजे तो वरच्या जातींच्या हाती द्यायचा, ही त्यांची हरकत होती. केंद्राने प्रांताचे हात बांधू नयेत असे सांगणारे बाबासाहेब गावाच्या बाबतीत सावध का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. त्यांच्या दृष्टीने यात विसंगती नव्हती. ज्यांच्याकडे पैसा सोपवायचा, त्यांना जाब विचारण्याची ताकद सर्वांच्या हाती आहे का, ही त्यांची कसोटी लंडनच्या प्रबंधात आणि मुंबईच्या सभागृहात एकच होती.

घटनेतील वित्त आयोग

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. फाळणीचे रक्त सुकलेले नव्हते, संस्थाने विलीन व्हायची होती. अशा काळात घटना समितीचा कल प्रबळ केंद्राकडे होता आणि बाबासाहेबही त्याच मताचे होते. प्राप्तिकर, जकात, उत्पादन शुल्क ही भरीव उत्पन्नाची साधने केंद्राकडे राहिली. मात्र त्यातील राज्यांचा वाटा केंद्राच्या लहरीवर सोडलेला नाही. नलिनी रंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने वित्त आयोगाची कल्पना मांडली होती. ती घटनेच्या २८० व्या अनुच्छेदात आली. दर पाच वर्षांनी किंवा त्याआधी राष्ट्रपतींनी आयोग नेमावा, त्याने वाटणीची शिफारस करावी आणि ती संसदेपुढे ठेवली जावी, अशी ही योजना. ब्रिटिश काळातील पंचवार्षिक करार बंद दाराआड होत. आता त्याला घटनेची चौकट मिळाली.

के. सी. नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली १९५१ साली नेमलेल्या पहिल्या आयोगाने प्राप्तिकराच्या निव्वळ उत्पन्नातील ५५ टक्के वाटा राज्यांना देण्याची शिफारस केली. तंबाखू, काडेपेटी आणि वनस्पती तूप यांवरील केंद्रीय उत्पादन शुल्काच्या उत्पन्नातील ४० टक्के रक्कमही लोकसंख्येच्या प्रमाणात राज्यांना द्यावी, असे आयोगाने सुचविले. भंडारा-गोंदियाच्या विडी वळणाऱ्या हातांशी या तंबाखूवरील कराचा थेट संबंध होता. बाबासाहेब १९५४ मध्ये या भागात आले, तेव्हा ही वाटणी नुकतीच सुरू झाली होती. ज्या माणसाने तीस वर्षांपूर्वी अशा वाटणीचा इतिहास लिहिला, तोच त्या मतदारसंघात उमेदवार होता आणि सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा देऊन सत्तेबाहेर पडलेला होता.

ग्रामपंचायतींचा उल्लेख मूळ मसुद्यात नव्हता. नोव्हेंबर १९४८ मध्ये बाबासाहेबांनी खेड्यांविषयीच्या भाबड्या कल्पनांवर केलेली टीका अनेक सदस्यांना झोंबली. त्याच महिन्यात के. संथानम यांनी सुचविलेली दुरुस्ती त्यांनी स्वीकारली आणि पंचायतींना स्वशासनाचे घटक म्हणून अधिकार देण्याचे मार्गदर्शक तत्त्व ४० व्या अनुच्छेदात दाखल झाले. मात्र त्यामागे कायद्याचे बंधन नव्हते आणि पैशाची तरतूदही नव्हती.

अखेरची वर्षे

पराभवानंतरही बाबासाहेबांची लेखणी थांबली नाही. भाषावार प्रांतरचनेचा वाद पेटला, तेव्हा १९५५ साली त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले. मराठी मुलुखाची एकच मोठी रचना न करता चार राज्ये करावीत आणि विदर्भाचे त्यांपैकी एक असावे, असे त्यांनी त्यात सुचविले. राज्याला स्वतःच्या उत्पन्नावर उभे राहता येईल का, हा प्रश्न त्यांनी १९४८ साली भाषावार प्रांत आयोगाला दिलेल्या निवेदनातही आकड्यांनिशी तपासला होता. भाषेच्या भावनेइतकेच जमाखर्चालाही ते महत्त्व देत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचनेत भंडारा जिल्हा विदर्भातील इतर जिल्ह्यांसह द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यानंतरचा हिशेब

मध्य प्रदेशातील जनपद सभांची व्यवस्था मागे पडून १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. ४० व्या अनुच्छेदातील अपुरे राहिलेले काम ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये पुढे नेले. दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमणे बंधनकारक झाले आणि अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात, तसेच महिलांना किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवण्यात आल्या. १९३२ साली बाबासाहेबांनी ज्या अटीसाठी पंचायत विधेयकाला विरोध केला होता, ती राखीव जागांची अट साठ वर्षांनी घटनेत आली. २००० साली ८० व्या दुरुस्तीने केंद्राच्या बहुतेक सर्व करांत राज्यांना वाटा मिळाला.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याला स्वतःची जिल्हा परिषद मिळाली. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव यांसारख्या तालुक्यांतील आदिवासी आणि दलित महिला सरपंचांच्या खुर्चीत बसू लागल्या. अधिकाराचा प्रश्न निम्मा सुटला. पैशाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता या कामांनाच बांधून ठेवली. ही कामे गरजेची आहेत, यात शंका नाही. परंतु धानाच्या हंगामात फुटलेली तलावाची पाळ आधी बांधायची की शाळेची गळकी खोली, हे ठरविण्यासाठी गावाच्या हाती उरतो तो लहानसा भाग. घरपट्टी आणि पाणीपट्टी यांतून लहान ग्रामपंचायतीला मिळणारे उत्पन्न तुटपुंजे असते आणि जंगल ज्याच्या शिवारात आहे, त्या गावालाही जंगलाच्या उत्पन्नासाठी वरच्या कचेरीकडे पाहावे लागते.

वरून आलेली रक्कम, वरूनच ठरलेले खाते आणि खाली केवळ खर्चाची जबाबदारी, या रचनेचे वर्णन बाबासाहेबांनी १८७० च्या मेयो योजनेसंदर्भात केले होते. खर्चाची मोकळीक आणि उत्पन्नावरील हक्क यांतील अंतर मोजण्याची पट्टी त्यांनी १९२५ सालीच हाती दिली आहे. १९५४ च्या उन्हाळ्यात ज्या मुलखाने त्यांना थोडक्या मतांनी परत पाठविले, त्या मुलखातील ग्रामसभांना आपल्या गावाचा जमाखर्च तपासताना ती पट्टी आजही वापरता येण्यासारखी आहे.